घरचा मटर दरवर्षी एकतर पोचट नाहीतर निबर निघतो, तोडायचा नेमका कधी?

नागपुरात प्रतापनगरला घरामागे दहा बाय बाराचा मातीचा तुकडा आणि गच्चीवर आठ ग्रो बॅग, एवढाच आपला कारभार. मटर लावायला लागून पाच हिवाळे झाले, त्यातले पहिले तीन सरळ वाया गेले म्हटलं तरी चालेल. म्हणजे रोपं मस्त यायची, फुलं यायची, शेंगा लटकायच्या, येणारेजाणारे कौतुक करायचे आणि तोडल्या की बोंबला. एका वर्षी शेंग उघडली तर आत मोहरीएवढे दाणे, दुसऱ्या वर्षी उघडली तर छर्रे. आलू-मटरच्या भाजीत आलू विरघळून गेला पण मटर काही शिजला नाही, आई ताटातले दाणे एकेक करून बाजूला काढत म्हणाली, "बाबू, हे गाईला टाक."

आजूबाजूच्या दोन-तीन घरी पण हेच होऊन राहिलं, शेजारच्या काकू तर मला विचारतात की अरे बाजारातला मटर गोड आणि आपला घरचा काहून पिठूळ, उलटं पायजे ना? म्हणून जे काही समजलं ते एकदाचं लिहून टाकतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिल्या वर्षीची चूक आधी सांगतो कारण बहुतेक सगळे हीच करतात. पाकिटावर लिहिलेलं ६० दिवस. व्हरायटी अर्केल, जी आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळते, लवकर येणारी, बुटकी. मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरला, कॅलेंडरवर ६० दिवस मोजून गोल केला आणि त्या रविवारी पिशवी घेऊन सगळ्याच्या सगळ्या शेंगा ओरबाडल्या. अर्ध्याच्या वर पोचट. आता ते ६० दिवस खोटे नव्हते, पण त्याचा अर्थ मला समजला नव्हता. अर्केलची पहिली तोडणी ५५-६० दिवसांच्या आसपास सुरू होते, सगळा मटर त्या दिवशी तयार होतो असं कोणी म्हटलंच नव्हतं. (बोनव्हिल असेल तर तोच आकडा ८०-८५ दिवसांवर जातो, त्यामुळे शेजाऱ्याच्या मटरशी आपल्या मटरची तुलना करण्याआधी व्हरायटी विचारा.)

मटरचा वेल फुलं खालून वर देत जातो. म्हणजे एकाच वेलावर सगळ्यात खालची शेंग भरलेली, मधली चपटी आणि शेंड्यावर अजून पांढरं फूल, हे सगळं एकाच दिवशी असते. त्यामुळे "मटर तयार झाला का" हा प्रश्नच चुकीचा, "ही शेंग तयार झाली का" असं विचारायला लागते. तुरीच्या शेंगांची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पटकन लक्षात येत नाही, कारण सोल्यांसाठी, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांसाठी, आपण फांदीच्या फांदी ओढून शेंगा तोडतो आणि थोडं पुढंमागं झालं तरी सोलेभात काही बिघडत नाही. मटर तेवढा दिलदार नाही.

आणि पोचट निघण्याचं खरं कारण हे की शेंग आधी लांबीला पूर्ण होते आणि दाणे मग भरतात. फूल गळल्यावर थोड्याच दिवसांत शेंग बोटाएवढी लांब, हिरवीगार, एकदम फोटोसारखी दिसते. आपण फसतो. ती त्या वेळी नुसती पिशवी आहे, सामान अजून यायचं आहे. लांबी पाहून मटर तोडू नका, जाडी पाहा.

दुसऱ्या वर्षी मी दुसऱ्या टोकाला गेलो. म्हटलं आता चांगला भरू देऊ, संक्रांतीला पाहुणे येणार आहेत, त्या दिवशी घरच्या मटरची कचोरी करू. डिसेंबरच्या शेवटी खालच्या शेंगा भरल्या होत्या, मी हात लावला नाही. बायको म्हणत होती तोडा, मी म्हणत होतो अजून टपोरे होऊ दे. झाले टपोरे. इतके टपोरे की शेंगेत एकमेकांना दाबून दाण्यांच्या बाजू चौकोनी झाल्या होत्या. ती चौकोनी बाजू दिसली की समजून जा, गाडी गेली.

मटरच्या दाण्यात सुरुवातीला साखर जमत जाते, मग एका टप्प्यानंतर झाड त्याच साखरेचा स्टार्च करायला लागते, कारण झाडाला आपल्या कचोरीशी काही घेणंदेणं नाही, त्याला बी करायचं आहे. स्टार्च वाढला की दाणा पिठूळ, साल जाड. म्हणजे मटर गोड असण्याचा काळ हा मधला छोटासा तुकडा आहे, आणि आपल्याला तो तुकडा पकडायचा आहे. तोडल्यावर पण साखर कमी होणं थांबत नाही, ते पुढं सांगतो.

आता काकूंच्या पिठूळ मटरचं. त्यांच्याकडे जाऊन पाहिलं तर वेळ बरोबर होती, शेंगा पण हिरव्या, कोवळ्या दिसत होत्या, तरी चव नाही. मग विचारलं बी कुठून आणलं, तर म्हणे किराण्यातले उसळीचे पांढरे वाटाणे होते घरात तेच भिजवून लावले. झालं ना! मी पण तिसऱ्या वर्षी पैसे वाचवायला हेच केलं होतं म्हणून मला हसता पण येईना. ते उसळीचे गोल गुळगुळीत वाटाणे वाळवून खायच्या जातीचे असतात, त्यात मुळात स्टार्च जास्त. भाजीच्या मटरचं बी हातात घेऊन पाहा, अर्केल, बोनव्हिल दोन्हीचं बी वाळलं की सुरकुतलेलं असते. ती सुरकुती म्हणजे खराब बी नाही, उलट तीच गोडीची खूण. आत साखर जास्त, त्यामुळे ओला असताना दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळला की आक्रसतो. गंमत म्हणजे मेंडेलनं १८६६ साली छापलेल्या त्याच्या प्रयोगात जो गोल आणि सुरकुतलेला वाटाणा होता, आपण शाळेत जीवशास्त्रात पाठ केला तो, हाच. त्या सुरकुतीमागचं कारण १९९० मध्ये सापडलं, स्टार्च बनवायला लागणाऱ्या एका एन्झाइमच्या जीनमध्ये डीएनएचा एक जास्तीचा तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे साखरेचा स्टार्च नीट होत नाही. तेव्हा किराण्याचं बी लावलं असेल तर तोडायची वेळ कितीही बरोबर साधा, बाजारासारखी गोडी येणार नाही. त्याची वाळवून उसळ करा, छान होते.

चौथ्या वर्षी डोकं लावलं. मुलीच्या विणकामाच्या लोकरीचे तुकडे घेतले आणि ज्या दिवशी फूल उमललं त्या दिवशी त्या देठाला धागा बांधला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या फुलांना लाल, मधल्यांना पिवळा, जानेवारीतल्यांना निळा, आणि वहीत तारीख. घरचे हसून राहिले की झाडाला राखी बांधून राहिला. पण पहिल्यांदा खरा हिशेब तेव्हाच लागला. सर्वसाधारण हिशेब फुलापासून १८ ते २१ दिवसांचा असतो. माझ्याकडे लाल धाग्यावाल्या शेंगांना २२-२३ दिवस लागले, थंडी चांगली होती. जानेवारीच्या शेवटी आलेल्या फुलांना मात्र १६-१७ दिवसांतच दाणे भरले आणि त्याच्या पुढं दोनच दिवसांत निबर व्हायला लागले. नागपूरचं हे असंच आहे. डिसेंबरात एखादी शेंग तीन-चार दिवस वेलावर थांबली तरी माफ करते, फेब्रुवारीत दुपारचं ऊन ३२-३३ च्या वर गेलं की शनिवारी कोवळी दिसलेली शेंग मंगळवारी निबर. आणि गच्चीवरच्या बॅगा खालच्या मातीपेक्षा अजून लवकर, स्लॅबची गरमी लागते.

धागे बांधायचा कंटाळा असेल तर नका बांधू, निदान पहिलं फूल कधी आलं ते मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप राहते. पेरल्यापासून नाही, फुलापासून मोजा. त्या फुलाच्या शेंगेवर १५ व्या दिवसापासून नजर ठेवायची.

आता नजर ठेवायची म्हणजे काय पाहायचं. आईचं बालपण काटोलकडच्या खेड्यातलं, तिचं म्हणणं शेंग डोळ्यानं नाही, बोटानं पाह्यची. अंगठा आणि तर्जनीमध्ये शेंग धरून हलकं दाबायचं. पोचट असेल तर दोन्ही सालं एकमेकांना टेकतात, मध्ये हवा. तयार असेल तर दाणे हाताला लागतात पण शेंगेत अजून किंचित लवचीकपणा असतो, फुगलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा. निबर झाली की दाबलीच जात नाही. रंग पण सांगतो, तयार शेंगेला एक ओला चकचकीतपणा असतो, वेळ निघून गेली की ती चमक जाते, रंग फिका आणि मॅट होतो आणि सालीवर बारीक जाळीसारख्या शिरा उठून दिसायला लागतात. हा चमक जाण्याचा पॉइंट लक्षात ठेवा, पिवळी पडायची वाट पाहू नका, पिवळी म्हणजे कधीचीच गेली.

आणि सगळ्यात भरवशाची टेस्ट म्हणजे खाऊन पाहणं. हे इतकं सोपं आहे की लोक करत नाहीत. एका वेलाच्या खालून एक शेंग, मधून एक, अशा दोन उघडा. दाणा नखानं दाबला तर गोडसर रस निघाला पाहिजे. रसाऐवजी साल सुटून आतून दोन डाळी वेगळ्या झाल्या आणि बोटाला पीठ लागलं तर त्या उंचीच्या आणि त्याच्या खालच्या सगळ्या शेंगा आजच काढा, उद्यावर टाकू नका. दोन शेंगांचा बळी द्यायला जीव का तुटतो समजत नाही, मी पण तीन वर्षं दोन शेंगा वाचवून किलोभर घालवला.

अजून एक खेळ, ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी. प्रोसेसिंगवाले कोवळे आणि जून दाणे वेगळे करायला मिठाचं पाणी वापरतात, कोवळा तरंगतो, स्टार्च भरलेला जड दाणा बुडतो. मी लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ टाकून करून पाहिलं, बऱ्यापैकी जमते. वर आलेले भाजीला, खाली गेलेले उसळीला. पण हे तोडल्यावरचं झालं, झाडावर याचा काही उपयोग नाही.

माझ्याकडे फुकटचे तज्ज्ञ पण आहेत, राघू. समोरच्या पिंपळावर त्यांचा मुक्काम, आणि ज्या सकाळी ते वेलाजवळ घिरट्या घालायला लागतात त्या सकाळी खालच्या शेंगा गोड झालेल्या असतातच. फक्त त्यांच्या आधी उठायला लागते.

आता वेळ बरोबर साधूनही दाणे भरत नसतील तर प्रॉब्लेम दुसरीकडे आहे. पहिला संशय पाण्यावर. फूल आणि दाणे भरायच्या काळात माती कडक सुकली की शेंगेत मधले दोन दाणे भरतात आणि बाकी जागा रिकामी. पण आपल्या काळ्या मातीत उलटंही होते, रोज पाणी घातलं की मुळांशी चिखल, झाड पिवळं. बोट दोन पेरं खुपसून पाहा आणि मगच पाणी द्या. दुसरा संशय युरियावर, एका ओळखीच्यांनी हिरवं दिसावं म्हणून दर पंधरा दिवसांनी चिमूट चिमूट टाकला, वेल छातीएवढा आणि शेंगा मोजून अकरा. मटर मुळांच्या गाठींतून आपला नत्र बराचसा आपणच मिळवतो, त्याला शेणखत बस झालं. तिसरं म्हणजे भुरी, जानेवारीच्या शेवटी पानावर पांढरं पीठ दिसायला लागते, शेंगांवर पण चढते आणि मग दाणे भरणं अर्धवटच राहते. थोडी असतानाच ती पानं काढून टाकतो, जास्त असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, आणि मारायच्या आधी तयार शेंगा तोडून घ्यायच्या.

उशिरा पेरणी हे चौथं, आणि खरं तर सगळ्यात मोठं. दिवाळीची साफसफाई, मग पाहुणे, मग "आता थंडी पडू दे" करत करत डिसेंबरात पेरला तर फुलं फेब्रुवारीत. तापमान ३० च्या वर जायला लागलं की फुलं गळतात आणि ज्या शेंगा धरतात त्या घाईघाईत जून होतात. त्याला तोडणीचा काही उपाय नाही बाप्पा, ते पेरतानाच चुकलं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन हप्त्यांत पेरा.

चपट्या शेंगांवरून गोंधळ होतो तो पण सांगून देतो. चायनीजमध्ये असते ती अख्खी खायची चपटी शेंग, स्नो पी, तिच्यात दाणे भरायची वाट पाहायचीच नाही. फुलानंतर आठवडाभरात, आत दाण्यांची नुसती सावली दिसते तेव्हाच तोडायची. स्नॅप पी म्हणून जी मिळते ती पण सालीसकट खातात, पण ती मात्र भरू द्यायची, गोल झाली की तोडायची. एकाने स्नो पी लावून महिनाभर दाण्यांची वाट पाहिली आणि मग कंपनीला शिव्या दिल्या. पाकीट नीट वाचा.

आणि हे मात्र सिरियसली सांगून राहिलो: नर्सरीत हिवाळ्यात "स्वीट पी" नावानं फुलांच्या बिया मिळतात, नाव ऐकून गोड मटर समजू नका. ते सुगंधी फुलांचं वेगळं झाड आहे, आपल्या लाखोळीच्याच (लाखेच्या डाळीच्या) भावकीतलं, त्याला शेंगा मटरसारख्याच लागतात पण त्या विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर मटर आणि ते शेजारी शेजारी लावूच नका.

तोडताना दोन हात लागतात. एका हातानं वेल धरायचा, दुसऱ्यानं शेंगेचा देठ मोडायचा, किंवा सरळ कैची. एका हातानं ओढली की शेंगेसोबत अर्धा वेल येतो, मुळं वरवरची असतात, आणि मग वरची सगळी फुलं गेली. मी वेलाला तुराट्या लावतो, गावाकडून फुकट येतात, त्याला वेल धरून राहतो म्हणून ओढाताण कमी होते. सकाळी ऊन चढायच्या आत तोडायच्या. आणि दर दुसऱ्या दिवशी, शेंगा असोत नसोत, एक फेरी. पानाआड एखादी हमखास लपलेली असते. ती निबर झाली तरी झाडावर ठेवायची नाही, कारण बी तयार व्हायला लागलं की झाडाला वाटते आपलं काम झालं, नवीन फुलं देणं बंद. मी संक्रांतीची वाट पाहत बसलो त्या वर्षी वरच्या फुलांचं काय झालं हे मला दोन वर्षांनी समजलं.

तोडल्यावर ओट्यावर टोपलीत ठेवून संध्याकाळी सोलू असं करू नका. साखर कमी होणं चालूच असते आणि गरम जागी जास्त पटापट. लगेच सोलायच्या नसतील तर सालीसकट पिशवीत घालून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायच्या. जास्त निघाला तर दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून फ्रीजरला. इथल्या कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात येणारा जबलपूरकडचा मटर जातीनं चांगलाच असतो, पण तो वाटेत दिवस घालवून येतो. घरच्याची मजा ही की सकाळी साडेसातला तोडला आणि आठला पोह्यात. वरून सांभार (कोथिंबीर) आणि लिंबू.

एवढं करूनही काही शेंगा निबर होतीलच. त्या सोलून रात्रभर भिजवा, कुकरला चार शिट्ट्या जास्त द्या आणि झणझणीत तर्री करा, कोणी ओळखत नाही. बियाण्यासाठी मात्र मी सुरुवातीलाच दोन चांगले वेल ठरवून ठेवतो, त्यांच्या एकाही शेंगेला हात लावत नाही, वेलावरच वाळू देतो, हलवलं की आत खुळखुळ वाजायला लागली की काढायच्या. मटरमध्ये परागीकरण आपल्याआपल्यातच होते, त्यामुळे अर्केलसारख्या सरळ जातीचं बी पुढच्या वर्षी तसंच येते, हायब्रिड असेल तर ही मेहनत नको. त्या दोन वेलांना काळा धागा बांधलेला असतो. यंदा धाकट्या पोरानं नेमक्या त्याच वेलाच्या कोवळ्या शेंगा खाऊन टाकल्या, म्हणतो बाबा सगळ्यात गोड तिथंच होत्या.